कुठला कप म्हणालीस?

आमची गँग तशी टिपिकल. शनिवारी रात्री प्रीमियर लीग, सोमवारी ऑफिसात लाल डोळे. दोघांकडे आर्सेनलचे टी-शर्ट, एकीच्या डेस्कवर रेआल माद्रिदचा मग. इंडियन फुटबॉलचा विषय निघाला की ‘छोड ना यार’ म्हणून पुढचा पिचर.

मग 2025च्या ऑगस्टमध्ये बातमी आली की रोनाल्डोची अल-नस्र टीम फातोर्ड्याला येणार. ग्रुपवर नुसता कल्ला! तिकिटं, हॉटेल, कोणाची गाडी, सगळं तासाभरात ठरलं. एफसी गोवा त्या स्पर्धेत पोचलीच कशी, हा प्रश्न मात्र कोणाला पडला नाही. मला पडला, कारण मी फ्रीलान्सर आहे. माझ्याकडे वेळ भरपूर असतो (चेक नसतो).

उत्तर होतं सुपर कप. त्याच मे महिन्यात भुवनेश्वरला एफसी गोवाने जमशेदपूरला 3-0 हरवून तो जिंकला होता. बक्षीस म्हणून एएफसी चॅम्पियन्स लीग टूच्या क्वालिफायरचं दार उघडलं. ऑगस्टमध्ये ओमानच्या अल-सीबला 2-1 हरवलं आणि थेट अल-नस्रच्या ग्रुपमध्ये! ज्या कपचं नाव आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं, त्याच्या जोरावर.

सुपर कपचा मूळ फंडा सोपा आहे. लीग जिंकणारा विरुद्ध कप जिंकणारा, एकच मॅच, विषय संपला. इंग्लंडमध्ये बऱ्याच वर्षांपासून हे चाललंय. स्पेनने 2020 पासून चार टीम्स केल्या आणि बहुतेक वेळा कप उचलून सौदीला नेला, पण ते पैशाचं गणित आहे, लगेच कळतं. आपलं गणित कळायला जरा वेळ लागतो. 1997मध्ये सुरू झाला तेव्हा नॅशनल लीगचा विजेता आणि फेडरेशन कपचा विजेता अशी सरळ लढत होती. मधली काही वर्षं झालाच नाही. 2011नंतर गायब. 2018मध्ये फेडरेशन कपच्या जागी परत आला, तो सोळा टीम्सचा नॉकआउट होऊन. 2019मध्ये आय-लीगच्या बऱ्याच क्लबांनी अंग काढून घेतलं. मग कोविड. 2023मध्ये केरळात चार-चारचे ग्रुप, 2024मध्ये भुवनेश्वरला पुन्हा ग्रुप, 2025च्या एप्रिलमध्ये अचानक थेट नॉकआउट आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गोव्यात पुन्हा ग्रुप! एका कॅलेंडर वर्षात दोनदा एकच कप. आमच्या सोसायटीचं पार्किंगसुद्धा इतक्या वेळा बदललेलं नाही.

हे सगळं मी रविवारी डोंबिवलीला घरी गेले तेव्हा बाबांना ऐकवत होते. त्यांनी पेपर खाली केला.
‘‘कुठला कप म्हणालीस?’’
‘‘सुपर कप.’’
‘‘तो महिंद्राने जिंकलाय. 2003ला. फेडरेशन कपपण त्याच वर्षी.’’

आणि पेपर परत वर.

महिंद्रा युनायटेड. बाबांचं ऑफिस फोर्टात होतं, कूपरेज चालत जाण्याइतकं जवळ. हाफ डे टाकून ते मॅचला जायचे. दोन-तीनदा मलाही नेलं होतं. मला आठवतात शेंगदाण्याच्या पुड्या, लाल मातीने माखलेले माझे बूट आणि एरवी घरात आवाज न चढवणारे बाबा उभं राहून ओरडताना. 2010मध्ये कंपनीने सीनियर टीम बंद केली. त्यानंतर बाबा कूपरेजला गेले नाहीत. टीव्हीवर मी मॅच लावली की म्हणायचे, ‘‘तुमचं चालू दे.’’ मला वाटायचं, त्यांना फुटबॉल आवडत नाही.

रोनाल्डो आलाच नाही. 22 ऑक्टोबरला, ऐन पाडव्याला मॅच होती आणि तो येणार नाही हे कळल्यावर आमची अख्खी ट्रिप पाचेक मेसेजमध्ये कॅन्सल झाली. मीही गेले नाही, हे कबूल करते. गोवा 1-2 हरली, पण गोव्याच्याच ब्रायसन फर्नांडिसने गोल मारला. तो मी घरी फराळाची प्लेट हातात घेऊन मोबाइलवर बघितला आणि मला स्वतःचाच जाम राग आला.

तीनच दिवसांनी गोव्यात सुपर कप सुरू झाला. एरवी सप्टेंबरात सुरू होणारी आयएसएल त्या वर्षी कराराच्या घोळात अडकून पडली होती. काही क्लबांनी पगार थांबवले होते. पुढचं काम कधी येईल माहीत नाही, तरी रोज उठून तयारी करायची, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझं एका ऑफिसातलं बिल तेव्हा चौथ्या महिन्यात होतं. थोडक्यात काय, त्या खेळाडूंकडे त्या घडीला एवढा एकच कप होता. रियल काश्मीरच्या जागी आलेल्या डेम्पोने तर कमालच केली. एकही फॉरेनर नाही आणि ईस्ट बंगालशी 2-2, मोहन बागानशी 0-0. त्या एका बरोबरीपायी बागान ग्रुपमध्येच बाहेर!

फायनल 7 डिसेंबरला, रविवारी. एफसी गोवा विरुद्ध ईस्ट बंगाल. मी बाबांना विचारलं, ‘‘येता का?’’
‘‘आपली टीम कुठे आहे त्यात?’’
‘‘नाहीये. पण गाडीची दोन तिकिटं काढलीयत.’’

कोकणकन्याने ठाण्याहून निघालो. बाबांनी वाटेत फुटबॉलचा एक शब्द काढला नाही, फक्त खेडला वडा घेतला. फातोर्ड्याला मात्र पहिल्या दहा मिनिटांत शेजारच्या अनोळखी काकांशी त्यांचं ‘लेफ्ट बॅक फार वर जातोय’ सुरू झालं. गोल काही होईना. नव्वद मिनिटं 0-0, एक्स्ट्रा टाइम 0-0. पेनल्टीला बाबा उभे राहिले आणि बसलेच नाहीत. पहिल्या पाच-पाच किक्समध्येही निकाल नाही. शेवटी गोवा 6-5. सलग दुसरा सुपर कप, एकूण तिसरा. बाबा ओरडत होते. आवाज तोच, कूपरेजचा, जरा घोगरा झालेला.

परतीच्या गाडीत मी वरच्या बर्थवर. दिवे गेल्यावर खालून आवाज आला, ‘‘अगं, पुढचा कुठे असतो?’’
‘‘माहीत नाही बाबा. दर वेळी बदलतात.’’
‘‘कळलं की सांग. खालचा बर्थ बघ मात्र.’’