केदारकंठाच्या रानांतील मुक्काम

शाळेच्या वार्षिकांत सहलीचें वर्णन लिहावयाचें म्हणजे शेवटीं शिखर यावें, सूर्योदय व्हावा आणि लेखकांच्या डोळ्यांचें पारणें फिटावें, असा प्रघात आहे. आम्हांला तो पाळतां येत नाहीं. सन २०२४ च्या एप्रिलअखेरीस आमच्या शाळेचे बावीस विद्यार्थी व दोन शिक्षक हिमालयांतील केदारकंठा शिखराच्या सहलीस गेले. त्यांपैकीं अठरा विद्यार्थी व एक शिक्षक शिखर पाहून आले. राहिलेल्या चौघांपैकीं तिघे आम्ही. चौथा आमचा मित्र. त्याचें नांव येथें देत नाहीं, कारण तशी त्याची अट आहे. शिखराचें वर्णन त्या अठरांपैकीं कोणीहि लिहील व तें चांगलेंच होईल. आम्हीं लिहावयाचें तें रानांतल्या मुक्कामाविषयीं, आणि त्यांतहि एका रात्रीविषयीं.

प्रथम मार्ग थोडक्यांत सांगूं. आगगाडीनें डेहराडून, आणि तेथून मसुरी, पुरोला, मोरी असा सारा दिवस मोटारीचा प्रवास. नैटवाड या गांवापाशीं रूपिन व सुपिन या दोन नद्या एकत्र होतात व पुढें त्या प्रवाहास टोंस म्हणतात. ही टोंस खालीं यमुनेला मिळते. मिळते त्या ठिकाणीं तिचें पाणी यमुनेच्या पाण्याहून अधिक असतें, तरी पुढें नांव चालतें तें यमुनेचेंच. आमच्यांतील एकास हा अन्याय इतका लागला कीं तो सांकरी येईपर्यंत दुसऱ्या विषयावर बोललाच नाहीं. सांकरी हें पायवाटेच्या आरंभींचें गांव. उंची सुमारें १९५० मीटर. देवदाराच्या लांकडाचीं घरें, भोंवतीं सफरचंदाच्या बागा, आणि गांवाच्या वर लगेच रान. हा सर्व मुलूख गोविंद पशु विहार या अभयारण्यांत येतो. तें सन १९५५ मध्यें स्थापन झालें.

सहल म्हणजे शेकोटी, आणि शेकोटीभोंवतीं गाणीं, अशी आमची ठाम समजूत होती. सांकरीच्या वाटाड्यानें, ज्यांना आम्ही भाईजी म्हणत असूं, पहिल्याच संध्याकाळीं ती मोडली. रानांत विस्तव करावयाचा नाहीं. स्वयंपाक होईल तो गॅसच्या शेगडीवर. आम्हीं तोंडें वांकडीं केलीं. पण येतांना रस्त्याच्या दोन्ही अंगांस चिडाच्या झाडांखालीं वाळलेल्या सुयांचे थर आम्हीं पाहिले होते. तिकडे त्यांस पिरूल म्हणतात, आणि उन्हाळ्यांत एक ठिणगी पडली कीं ते भराभर पेटत जातात. त्या वर्षीं उत्तराखंडांत वणव्यांचा जोर फार होता. कांहीं उतार काळेठिक्कर पडलेले आमच्या दृष्टीस पडले होते. तेव्हां वाद घालण्यास जागा नव्हती. पाण्यानें भरलेल्या पांढऱ्या बाटलीखालीं बॅटरी लावून ठेवली, आणि त्या उजेडाभोंवतीं बसून गाणीं म्हटलीं. ऊब नव्हती, पण आवाज कमी पडला नाहीं.

पहिला मुक्काम जुडा का तालाब येथें, सुमारें २७५० मीटर उंचीवर. लहानसें तळें, सभोंवतीं उंच झाडांचें कडें. देवदार आम्हीं चित्रांत पाहिला होता, पण त्याच्या बुंध्याला हात लावून मान मागें टाकीपर्यंत त्याची उंची कळत नाहीं. ओकच्या जातीचा खरसू येथेंच प्रथम भेटला. त्याच्या कोंवळ्या पानांच्या कडांना कांटे असतात, म्हणून त्याच्यावर टेकून बसूं नये. मध्येंमध्यें बुरांस तांबड्या फुलांनीं भरला होता.

या मुक्कामावर आमची पहिली फजिती झाली, ती तूरडाळीची. आमच्या मित्राच्या मातोश्रींनीं निघतांना दोन किलो तूरडाळ बांधून दिली होती. “तिकडे राजमा खाऊन कंटाळाल, एक दिवस वरण करून खा,” असें त्या म्हणाल्या होत्या. भाईजींच्या कुकरांत बटाटे होते. आम्हीं अर्धी डाळ उघड्या पातेल्यांत चढविली. तासभर उकळली, दीड तास उकळली. पाणी खदखदत होतें आणि डाळ मात्र आमच्याकडे डोळे वटारून पाहत होती. शेवटीं विज्ञानाच्या सरांनीं समजावून सांगितलें. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी १०० अंशांवर न उकळतां तेथें सुमारें ९१ अंशांवरच उकळतें. उकळतांना दिसतें, परंतु डाळ शिजण्यास पुरेसें तापत नाहीं. कुकर दाब परत वाढवितो, म्हणून त्यांत शिजतें. वर्गांत हा धडा आम्हीं पाठ केला होता व त्यावर गुणहि मिळविले होते. उरलेली डाळ वरच्या मुक्कामावर कुकरांत शिजवूं, असें ठरवून पिशवी बांधून ठेवली.

तेथेंच सरांनीं दुसरी गोष्ट पुन्हां सांगितली. ती डेहराडूनलाहि सांगितली होती. हवेंत प्राणवायूचा वांटा सर्वत्र सारखाच, शेंकडा सुमारें एकवीस; पण दाब कमी झाला म्हणजे प्रत्येक श्वासांत तो कमी येतो. ३४०० मीटरांवर दाब समुद्रकांठच्या दाबाच्या सुमारें दोन तृतीयांश उरतो. शरीराला सवय होण्यास वेळ लागतो. डोकें दुखूं लागलें, मळमळलें, जेवण नकोसें झालें, तर ताबडतोब सांगावें व आणखी वर जाऊं नये. चालण्यांत तोल जाऊं लागला तर उजाडण्याचीहि वाट न पाहतां खालीं उतरावें. बलवान मनुष्याला हें होत नाहीं, असें समजूं नये. यानंतर सरांनीं एक नियम घालून दिला: ज्या तंबूंतील मुलगा मागें राहील, त्याच तंबूंतील एकानें त्याच्या सोबतीस राहावें. हा नियम योग्यच होता. पुढील सर्व प्रकार त्या नियमाच्या पोटीं झाला, म्हणून तो येथें लिहून ठेवला आहे.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं तीनच्या सुमारास वरच्या मुक्कामावर पोहोंचलों. उंची सुमारें ३४०० मीटर. आदल्या वर्षीं आम्ही कळसूबाईवर गेलों होतों व त्या १६४६ मीटरांचा आम्हांला कोण अभिमान! येथें त्याच्या दुपटीहून अधिक उंचीवर तंबू लावावयाचा होता. झाडी विरळ झाली होती. जीं झाडें होतीं तीं वाऱ्याकडे पाठ करून उभीं असल्यासारखीं दिसत, आणि त्यांच्या सावलींत बर्फ अजून गुडघाभर होतें. समोर स्वर्गारोहिणी व बंदरपूंछ. सारे ओरडत तंबूबाहेर धांवले. आमचा मित्र आंत आडवा झाला होता.

हा मित्र शाळेंत पंधराशें मीटरांच्या शर्यतींत पहिला येणारा. त्याच्या घरच्यांनीं सहलीचे पैसे तीन हप्त्यांत भरले होते, व ते शिवणकामाचे होते, हें आम्हांस ठाऊक होतें. तो म्हणाला, “डोकें फार दुखतें आहे. सरांना सांगूं नका. पहांटे बरें वाटेल.” आम्हीं कबूल केलें.

कां कबूल केलें, हें आम्हीं पुष्कळ दिवस एकमेकांस सांगत होतों: त्याचे पैसे फुकट जाऊं नयेत म्हणून, त्याचा हिरमोड होऊं नये म्हणून, मित्राचा शब्द मोडूं नये म्हणून. हें खोटें नाहीं. पण आमच्यांतील एकानें, सांगण्याच्या गोष्टी निघाल्या असतां, एकदां स्पष्टच म्हटलें कीं त्या क्षणीं त्याच्या मनांत प्रथम आलें तें हें: हा राहिला तर सोबतीला कोण राहणार? मग दुसऱ्या दोघांनींहि आपल्या मनांत तेंच आल्याचें कबूल केलें.

सायंकाळीं सहा वाजतां भाईजी बोटाला लावावयाचें ऑक्सिमीटर घेऊन तंबूतंबूंतून फिरले. आमच्या मित्राचा आंकडा चौघांत कमी भरला. भाईजींनीं त्याच्याकडे पाहून विचारलें, “डोकें दुखतें का?” त्यानें उत्तर देण्यापूर्वींच आम्ही तिघे एका सुरांत “नाहीं” म्हणालों. जेवणाची वेळ झाली. त्याला घांस जाईना. त्याच्या ताटांतील खिचडी आम्हीं तिघांनीं वांटून खाल्ली, आणि तें रिकामें ताट सरांच्या देखत धुतलें. त्या रात्रीच्या सर्व गोष्टींत आम्हांस अधिक लाज वाटते ती या ताटाची.

अकराच्या सुमारास तो ओकला. थोड्या वेळानें पुन्हां. मग लघवीस म्हणून बाहेर गेला. आमच्यांतील एकानें बॅटरी धरली होती. सपाट जागेवर तो दारू प्यालेल्या माणसासारखा एका बाजूस झुकत चालला होता. बॅटरी धरणारा तेथूनच सरांच्या तंबूकडे धांवला; आम्हां दोघांना विचारावयासहि थांबला नाहीं.

सरांनीं व भाईजींनीं त्याला जमिनीवर काठीनें रेघ ओढून दिली व टांचेला चवडा लावून चालावयास सांगितलें. तीन पावलें बरोबर पडलीं, चौथें बाजूस गेलें. भाईजी एवढेंच म्हणाले, “खालीं. आतांच.” औषध दिलें, लहान नळकांड्यांतील प्राणवायू लावला. दुसरे सर अठरांजवळ राहिले. आम्हां तिघांना बूट बांधावयास सांगितलें: एकानें पुढें उजेड धरावयाचा, एकानें नळकांडें वाहावयाचें, एकानें मागून चालावयाचें. त्या वेळीं शिखराची आठवण आम्हांला झाली नाहीं. ती झाली दुसऱ्या दिवशीं.

दिवसा ज्या वाटेनें गप्पा मारीत चढलों, ती वाट रात्रीं निराळीच होती. बॅटरीच्या वर्तुळापलीकडे कांहीं नाहीं. दुपारीं मऊ असलेलें बर्फ गोठून कांचेसारखें झालेलें, व त्यावर भाईजी बुटाच्या टांचेनें एकेक पायरी खणीत जात. मुक्कामावरचा एक केंसाळ काळा कुत्रा न बोलावतां आमच्यापुढें चालूं लागला. वाट वळे तेथें तो थांबे, आणि त्याचे डोळे चमकले म्हणजे वळण आलें असें समजावें. या रानांत अस्वल आहे, म्हणून सारखें मोठ्यानें बोलत राहावें असें भाईजींनीं बजावलें होतें. सुरुवातीस काय बोलावें हें सुचेना. मग सर आमच्या मित्राला म्हणाले, “सतराचा पाढा म्हण.” तो म्हणूं लागला. सतराच्या पाढ्यांत तो इयत्ता चौथीपासून नवाच्या घरांत अडकतो. तेथेंच अडकला. “मेंदू जाग्यावर आहे,” सर म्हणाले, आणि त्या काळोखांत आम्हांला हंसूं आलें. त्यानंतर आम्ही पांच माणसें तेरापासून एकोणतीसपर्यंतचे पाढे ओरडत हिमालयाच्या रानांतून उतरलों. एखादें अस्वल ऐकत असेल तर त्याची गणिताची भीति आमच्याहून कमी झाली नसेल.

मध्यें एका पडलेल्या देवदारावर त्याला बसविलें. सरांनीं त्याचा मफलर नीट करीत विचारलें, “डोकें कधींपासून दुखत होतें?” तो म्हणाला, “जेवणानंतर.” कोणी बोललें नाहीं. मग आमच्यांतील एकजण म्हणाला, “तीनपासून, सर. आम्हांला माहीत होतें.” सरांनीं मफलरची गांठ बांधली व म्हणाले, “चला.”

तळ्याकांठीं पोहोंचलों तेव्हां पूर्वेकडे फटफटूं लागलें होतें. जेमतेम साडेसहाशें मीटर खालीं आलों असूं. पण त्याला रेघेवर चालविलें तेव्हां दहा पावलें सरळ पडलीं. तो झोंपला. सर त्याच्या तोंडाकडे पाहत बसून होते. आठ वाजतां जागा झाला आणि म्हणाला, “खावयास काय आहे?” त्या दिवशीं आणखी खालीं सांकरीस उतरलों, पुढें डॉक्टरांनीं तपासून भीतीचें कारण नाहीं असें सांगितलें.

सांकरीहून सरांनीं त्याच्या घरीं फोन केला व तो आजारी पडल्याचें, खालीं आणल्याचें, आतां बरा असल्याचें कळविलें. फोन ठेवल्यावर आम्हांला म्हणाले, “तुम्हीं लपविलें, हें मी सांगितलें नाहीं. तें तुमचें काम.”

परत आल्यावर त्याच्या मातोश्री स्टेशनावर आल्या होत्या. उरलेल्या डाळीची पिशवी आम्हीं त्यांच्या हातांत दिली. त्यांनीं ती हातांत तोलून पाहिली व विचारलें, “शिजली नाहीं का रे?” आम्ही म्हणालों, “नाहीं, काकू.” आणि आपापल्या घरीं गेलों.

हा लेख संपादकांकडे देण्यापूर्वीं आम्ही तिघे त्यांच्या घरीं गेलों व सबंध वाचून दाखविला. आमचा मित्र दारांत उभा होता. त्या शिवणयंत्रावर काम करीत ऐकत होत्या. ताटाचा मजकूर आला तेव्हां यंत्र थांबलें. वाचणाराहि थांबला. जरा वेळानें त्या म्हणाल्या, “वाच पुढें.”