भरलेलं धरण पाहून या

सुगी उरकली की एक दिवस घरच्यांना घेऊन धनेगावचं मांजरा धरण पाहून या. मागं ते भरलं, तेव्हा आम्ही मुरुडहून दशम्या, शेंगदाण्याची चटणी बांधून गेलो होतो. काठावर बसून जेवलो. पाणी डोळ्यांत मावत नव्हतं. धाकटी म्हणाली, "बाबा, हे कधी संपतच नसेल!"

घास घशातच अडकला. २०१६ साली हेच धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याआधी उसाचे फड मीही गावोगाव कौतुकानं दाखवले होते. लेकीला सारं सांगितलं. यंदा खोडवा राखायचा नाही, तूर-सोयाबीन घ्यायचं, हे तिथंच ठरलं.

लेकरांना पाणी दाखवा. कोरड्या तळाची गोष्टही सांगा.