निजलेला मारुती आणि कातरलेली चौकट

सौसरजवळच्या जामसावळीला जो मारुती आहे तो उभा नाही, उड्डाणाच्या पवित्र्यात नाही, द्रोणागिरी पेलणारा तर मुळीच नाही. तो आडवा निजलेला आहे. चित्रकथांच्या संहिता लिहिण्यात आणि परभाषेतील चित्रकथांचे संवाद मराठी फुग्यांत बसविण्यात ज्याचे उभे आयुष्य गेले, त्या माझ्यासारख्या माणसाला त्या मूर्तीपुढे जो विचार सुचतो तो भक्तीचा नसून धंद्याचा असतो, हे कबूल केलेले बरे. ऋषींच्या आश्रमांत उच्छाद मांडणाऱ्या बालमारुतीला आपल्या सामर्थ्याच्या विस्मरणाचा शाप मिळाला नसता, तर समुद्रकाठी जांबुवंताला त्याची आठवण करून देण्याचे प्रयोजनच उरले नसते. ज्याला काहीच अशक्य नाही त्या नायकाची गोष्ट पहिल्या पानावर संपते. ती पुढे न्यायची तर त्याला एखादे बंधन घालावेच लागते. माझे म्हणणे एवढेच, की बंधन नायकाला घालावे, कथेला घालू नये. आणि सरकारांनी, संपादकांनी व मुलांच्या हितचिंतकांनी या दोहोंची गल्लत सतत केली.

अमेरिकेतील बॅटमॅन आरंभी पिस्तूल बाळगीत असे. 1940 साली त्याने विमानातून मशीनगन झाडून शत्रूचा जीव घेतल्यावर संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी हुकूम केला, की यापुढे हा नायक कोणाचा प्राण घेणार नाही. हुकमामागे ग्राहकाच्या रोषाचे भय असेल. पण खलनायक जोकर पुनःपुन्हा जिवंत सुटतो, पुन्हा अनर्थ करतो, आणि तरीही नायकाचा हात त्याच्या गळ्याशी येऊन थांबतो, हे सारे नाट्य त्या एका मनाईच्या पोटी जन्मले.

याच्या नेमकी उलट गोष्ट 1954 साली घडली. फ्रेडरिक वर्दम या मनोवैद्याच्या पुस्तकाने आणि सिनेटच्या उपसमितीपुढील जाबजबान्यांनी धास्तावलेल्या प्रकाशकांनी, सरकारने कायदा करण्याआधी आपणच आपल्याला वेसण घालावी या धूर्त हिशेबाने, एक नियमावली मंजूर करून घेतली: गुन्हेगाराविषयी सहानुभूती वाटता कामा नये, प्रत्येक वेळी सज्जनाचाच जय व्हावा, पिशाच्चे व चालती प्रेते वर्ज्य. मुखपृष्ठावर या नियमावलीच्या तपासनिसांचा शिक्का नसेल तर बहुतेक विक्रेते अंक मांडीत नसत. खलनायकाला कारण नाही, विजयाची शक्यता नाही, दुःख तर नाहीच. असा खलनायक हा बुजगावणे होय, आणि बुजगावण्याशी लढणारा नायकही थोड्याच दिवसांत गवताचा होतो. (या तपासनिसांनी एकदा ‘वुल्फमन’, म्हणजे ‘लांडगा-मानव’, या शब्दास हरकत घेतली, तेव्हा ते लेखक मार्व्ह वुल्फमन यांचे आडनाव असल्याचा खुलासा प्रकाशकाला करावा लागला. दफ्तरी विनोदाला देशाची सीमा नसते.) पुढे 1971 साली मादक द्रव्यांचे दुष्परिणाम दाखवावेत अशी विनंती खुद्द सरकारी आरोग्यखात्याने केली, त्यावरून स्पायडरमॅनची कथा लिहिली गेली, आणि तिलाच शिक्का नाकारण्यात आला. प्रकाशकाने ते तीन अंक शिक्क्यावाचून काढले आणि नियमावली त्याच वर्षी सैल झाली.

आमच्या मुलखाला 1956 हे साल विसरता येण्याजोगे नाही. राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पांढुर्णा-सौसर मराठी बोलत बोलत मध्य प्रदेशात राहिले. त्याच वर्षी दिल्लीला अल्पवयीनांस अपायकारक अशा प्रकाशनांविषयी कायदा झाला. गुन्हे, हिंसा, क्रौर्य अथवा बीभत्स प्रसंग रंगवून वीस वर्षांखालील वाचकाला बिघडवील असे पुस्तक, मग ते चित्रांचे असो वा बिनचित्रांचे, विकणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. कायद्याचा हेतू निर्मळ होता याबद्दल मला शंका नाही. मात्र पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात रोवलेल्या पळसावरील झेंड्यासाठी पांढुर्णा आणि सावरगाव परस्परांवर गोटमार करीत असता, काठावर वडिलांच्या खांद्यावर बसून खरे रक्त पाहिलेल्या माझ्यासारख्या मुलाला कागदावरच्या लाल शाईपासून वाचविण्याची ही तजवीज आजही थोडी गमतीची वाटते.

नागपूरहून गाडीने येणारे ‘इंद्रजाल’ चित्रकथांचे मराठी अंक हे माझे पहिले विद्यापीठ. ली फॉकच्या वेताळाने, म्हणजे त्या घराण्याच्या मूळ पुरुषाने, पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली होती. ती शपथ हे नायकाचे बंधन, आणि त्यावरच एकवीस पिढ्यांची कथा चालली. इंद्रजालच्या संपादकांनी मात्र वेगळीच कातर चालविली: वेताळाच्या देशाच्या, बंगालची आठवण देणाऱ्या नावाचे ‘डेंकाली’ केले, ‘रामा’ या दुष्टाचा ‘रामालू’ केला, ‘सिंग’ चाचे ‘सिंगा’ झाले. कोणाच्या भावना दुखावू नयेत म्हणून केलेल्या या फेरफाराविषयी माझी तक्रार नाही. नावे बदलली तरी कथा मरत नाही. परंतु वृत्तपत्रांतील लांबलचक मालिका ठरावीक पानांत कोंबण्यासाठी ज्या चौकटी गाळल्या गेल्या, त्यांच्याबरोबर पुष्कळदा नायकाचा थांबून विचार करण्याचा क्षणही गेला.

एकदा मी स्वतः या कात्रीत सापडलो. एका मासिकासाठी गोटमारीवर चित्रकथा लिहिली. संपादकांचे पत्र आले, की एकही दगड कोणाला लागताना दिसू नये. मी संतापलो, चार दिवस जेवणावर राग काढला, आणि पाचव्या दिवशी असे पान लिहिले की ज्यात फक्त नदी आहे, वाहत जाणारी एक टोपी आहे, आणि तिन्हीसांजेला सावरगावच्या दारात परतणारी माणसे मोजणारी एक आई आहे. माझ्या हातून त्याहून चांगले पान झालेले नाही. मग दुसरे पत्र आले: गोटमारीमागच्या दंतकथेत सावरगावची मुलगी पळवून नेणाऱ्या तरुणाची चूक दिसू नये, मुलीच्या गावाचा क्रोधही दिसू नये, दोन्ही गावे निर्दोष असावीत. त्या पत्राला मी उत्तर पाठविले नाही आणि संहिता परत मागवून घेतली.

अमेरिकेतील तो शिक्का 2011 साली शेवटच्या दोन प्रकाशकांनीही टाकून दिला, आणि त्याच वर्षी त्याची मालकी चित्रकथांच्या मुद्रणस्वातंत्र्यासाठी न्यायालयांत झगडणाऱ्या एका संस्थेकडे गेली. इंद्रजालच्या कातरीचे मात्र कुठलेच दफ्तर आपल्याकडे नाही. गाळलेली चौकट ओळखायची तर मूळ मालिका आणि मराठी अंक शेजारी ठेवून एकेक चित्र ताडावे लागते. म्हणून पांढुर्णा, सौसर, मोहगाव आणि पलीकडे वरूड-नरखेडपर्यंतच्या वाचकांना विनंती, की माळ्यावरच्या ट्रंकेत ते पातळ, पिवळे पडलेले अंक असतील तर या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देऊ नयेत. मुखपृष्ठ फाटलेले असले तरी चालेल.