चौकट

आमच्या घराचं पुढचं दार बदलायचं होतं. एवढंच. पण आमच्याकडे कुठलीच गोष्ट 'एवढंच' नसते, हे इथं नेहमी येणाऱ्यांना ठाऊक आहे. सव्वा महिना चर्चा चालली, आणि खरं तर ती दाराबद्दल नव्हतीच, चौकटीबद्दल होती. नातेवाइकांपैकी प्रत्येकाने फोनवर वेगवेगळं ऐकलंय, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

घर सांगलीत, गावभागात. बाहेरच्यांसाठी सांगते, गावभाग म्हणजे कृष्णेजवळची जुनी वस्ती. मोठा पूर आला की पाणी आमच्या घरात येतंच. २००५, २०१९, २०२१. ही सालं आमच्या घरात लग्नाच्या तारखांसारखी पाठ आहेत.

चौकट आजेसासऱ्यांनी बसवलेली, जुन्या सागवानाची. मूळ दार दोन पाखांचं, कडी-कोयंड्याचं आणि आतून अडसर घालायचं होतं. पुढे सासऱ्यांनी लॅच बसवता यावं म्हणून ते काढून एकपाखी फ्लश डोअर लावलं. ते २००५ च्या पुरात भिजून असं फुगलं की प्लायचे पदर चपातीसारखे सुटले. त्यानंतरचं २०१९ ला गेलं. मग घाईत लावलेलं स्वस्तातलं २०२१ ला भिजलं, ते रंधा मारमारून आजवर चालवलं. दारं अशी एकामागोमाग गेली, चौकट तीच. आणि आता डाव्या उभ्या लाकडाचा पाय ठोकला की पोकळ वाजायला लागला. उंबरठाही खालून कुजलेला. वरवरची माती खरवडली तर वाळवी.

सुताराने तीन मार्ग सांगितले. एक, नुसतं दार बदला, चौकट आहे तशी राहू दे. पण बिजागऱ्या डाव्याच बाजूला, आणि पाय कुजलेल्या लाकडावर दाराचं वजन टांगलं तर वर्ष-दोन वर्षांत चौकट सरकणार, दार घासायला लागणार. दोन, कुजलेला भाग कापून तिथं नवीन सागवानाचा तुकडा सांधायचा. आणि तीन, अख्खी चौकट काढून नवीन बसवायची.

तिसऱ्या मार्गात मेख होती. जुनी घरं बांधताना चौकट आधी उभी करत आणि भिंत तिच्याभोवती चढवत. आमच्या चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडाची टोकं दोन्हीकडे भिंतीत शिरलेली आहेत, आणि त्याच्यावर सिमेंटची तुळई नाही. वरच्या विटांचा भार त्या लाकडावरच. म्हणजे चौकट काढायची तर भिंतीला टेकू द्या, वर नवीन लिंटेल घाला, मग गिलावा, मग रंग. सुताराच्या कामात गवंडी आला. "दार तुमचं हाय वहिनी," सुतार म्हणाला, "पण चौकट भिंतीची हाय."

बरं, नवीन चौकट कशाची? सागवानाचा भाव ऐकून आम्ही दोघंही गप्प झालो. शिवाय हल्लीचा बराचसा साग लवकर तोडलेला असतो, त्यात बाहेरचं पांढरट लाकूड जास्त आणि गाभा कमी. वाळवीला दूर ठेवणारी द्रव्यं असतात ती गाभ्यात. मग ग्रॅनाइटची चौकट, पत्र्याची चौकट, डब्ल्यूपीसीची चौकट, अशी चर्चा झाली. डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचं मिश्रण. पाण्याने फुगत नाही, वाळवी लागत नाही. आमच्यासारख्यांना अगदी योग्य.

इथं पुण्याच्या भावजींचा फोन आला. त्यांचं म्हणणं मी त्यांच्यावर अन्याय न करता लिहिते, कारण ते हे वाचणार आहेत. ते म्हणाले, "वहिनी, दारावर पैसे घालूच नका. जागा विका आणि विश्रामबागेत उंचावर फ्लॅट घ्या. आईला परत खुर्चीत बसवून बोटीत चढवायचं आहे का?"

२०१९ ला आम्ही तेच केलं होतं. प्लास्टिकच्या खुर्चीत आईंना बसवून चौघांनी उचललं आणि याच चौकटीतून बाहेर काढलं. भावजी पुण्यात टीव्हीसमोर बसून होते, फोन लागत नव्हता. त्यांच्या बोलण्यात ती रात्र असते. म्हणून त्यांच्याशी वाद घालता येत नाही.

पण चौकटीवर खुणा आहेत. २००५ चं पाणी ओसरल्यावर सासऱ्यांनी पटाशीने उजव्या लाकडावर एक आडवी खाच पाडली, उंबरठ्यापासून दीड फुटावर. आयर्विन पुलाशी पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं, त्याची ती खूण. २०१९ ला तिथंच ५७ च्या वर गेलं, त्याची खाच माझ्या डोक्याच्या उंचीला आहे. २०२१ ची २००५ च्या वीतभर वर. कुणाला ही नुसती आठवण वाटेल, पण ती आमची पट्टी आहे. पुलाची इशारा पातळी ४० आणि धोक्याची ४५, हे सगळ्या गावाला माहीत असतं. पण ५२ झाले की आमच्या उंबरठ्याला पाणी लागतं, हे फक्त ही चौकट सांगते. २०२१ ला आम्ही फ्रिज आणि गाद्या वेळेत माडीवर नेल्या त्या याच हिशोबावर.

"खुणा भिंतीवर रंगवा की," भावजी म्हणाले. तेही बरोबरच. रंगवता आल्या असत्या.

या सगळ्यात आईंना कुणी विचारलं नव्हतं. १९६८ साली त्या माप ओलांडून याच उंबरठ्यावरून आत आल्या. रोज तिथं रांगोळी, लक्ष्मीपूजनाला पावलं. उंबरठ्याला हात लावलेला त्यांना चालणार नाही असं दोन्ही मुलांनी धरून चाललं होतं, म्हणून सगळी बोलणी हळू आवाजात. शेवटी मीच विचारलं.

"उंबरठा काढून टाका," त्या म्हणाल्या. "वॉकर अडकतो. रोज चारदा भीती वाटते."

"पण आई, चार इंच उंची जाईल. पाणी तेवढं आधी आत येईल."

"पूर काय रोज येतो? वॉकर रोज आहे." मग थोडं थांबून म्हणाल्या, "बाकीची चौकट मात्र राहू दे. ह्यांच्या खुणा आहेत. आणि त्याला सांग, मी इथं आहे तोवर घर विकायचं नाही. नंतर तुमचं तुम्ही बघा."

तेव्हा ठरलं. पण एक धाकधूक होती. कूज किती वर गेलीय? सुताराने दोन्ही बाजूंना खालून वर पटाशी टोचत नेली. डावीकडे नऊ इंचांवर आणि उजवीकडे सहा इंचांवर लाकूड घट्ट लागलं. म्हणजे दीड फुटावरच्या खाचेच्या बरंच खाली. मी नकळत धरलेला श्वास सोडला.

दोन्ही पाय तिरके कापून नवीन साग सांधला, वाळवीचं औषध सोडलं, आणि पाय जमिनीला न टेकवता खाली दगडाचा तुकडा दिला. लाकडाने ओल खालून ओढू नये म्हणून. उंबरठ्याच्या जागी जमिनीलगत कडाप्पा, कडा घासून उतरती केलेली. दार डब्ल्यूपीसीचं. तयार दारं ठरावीक मापाची असतात आणि आमची चौकट जुन्या मापाची, शिवाय ओळंबा लावल्यावर पाव इंच कललेली निघाली. त्यामुळे ते मापावर कापून घ्यावं लागलं.

शेवटच्या दिवशी पॉलिशच्या आधी सुतार भोकं बुजवायला लांबी घेऊन बसला. जुने खिळे, जुन्या कडीची जागा, सगळं बुजवत खाचांपाशी आला, तेव्हा आई वॉकर घेऊन तिथं उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, नुसतं बोट दाखवलं. त्याने खाचा सोडून दिल्या.

भावजींचा प्रश्न सुटलेला नाही, हे मला कळतं. तो पुढच्या पावसाळ्यात परत येईल, आणि कधीतरी त्याला 'हो' म्हणावं लागेल. सध्या आम्ही एक आकडा दुरुस्त केलाय, भावजी, तुम्हीही लिहून ठेवा: ५२ ला चार इंच कमी.