लाल, पिवळा आणि उणे चाळीस

३ जुलै, चिपळूण

टॅक्सीवाले काका सकाळीच आले. मीटरमध्ये बॅटरीचा लाल दिवा लागत होता म्हणून त्यांनी परवा नवी बॅटरी टाकली, तरी दिवा जात नाही. मल्टिमीटर लावला. इंजिन बंद असताना १२.५ व्होल्ट, चालू केल्यावर १२.३. इंजिन चालू झालं की आकडा १३.८ ते १४.४ च्या घरात चढायला हवा, इथे तो उतरत होता. डायनॅमो खोलला, कार्बन पार घासून गेले होते. नवे बसवले, १४.२ आले, दिवा विझला. चित्र बॅटरीचं असलं तरी तो दिवा चार्जिंगचा आहे. काकांची जुनी बॅटरी बहुधा चांगलीच होती. ती मोडीत गेली याचं वाईट वाटलं.

५ जुलै

आजचं काम मनासारखं. ब्रेक दाबला की मीटरमधला इंडिकेटरचा डावा हिरवा बाण मिणमिणतो, अशी तक्रार. दुसरीकडे फ्लॅशर बदलून झाला होता, आता इंडिकेटरचा स्विच बदलायचं घाटत होतं. मी थेट मागच्या डाव्या लाईटकडे गेलो.

तिथल्या एका बल्बमध्ये दोन तारा असतात, ब्रेकची २१ वॅटची आणि पार्किंगची ५ वॅटची. शेजारी इंडिकेटरचा बल्ब. सगळ्यांची अर्थिंग एकच, बॉडीला एका बोल्टने कसलेली. तो बोल्ट गंजला की ब्रेकच्या तारेतून गेलेल्या करंटला परतीची वाट उरत नाही. मग तो शेजारच्या इंडिकेटरच्या तारेतून उलटा शिरतो, त्या लाईनने पुढे जातो आणि पुढच्या इंडिकेटरच्या अर्थिंगमधून घरी पोचतो. जाता जाता मीटरमधला बाण उजळतो. म्हणजे बिघाड मागे डिकीत आणि बोंब पुढे काचेखाली.

हाताखालच्या पोराला ब्रेक दाबायला सांगून लाईटची अर्थ वायर आणि स्वच्छ बॉडी यांच्यामध्ये मीटर धरला. पाच व्होल्ट! तिथे ०.२ च्या वर काही दिसता कामा नये. बोल्ट काढला, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासला, व्हॅसलिन लावून पुन्हा आवळला. ०.०४. बाण शांत. नवा पार्ट एकही लागला नाही. कोकणातल्या पावसात आधी अर्थिंग तपासायची, मग बाकीचं, हे मी पोराला वहीत लिहून घ्यायला लावलं.

९ जुलै

निवृत्त गुरुजींची गाडी. पिवळा चेक लाईट, रेडिएटरचा फॅन सतत चालू, ॲव्हरेज पडलेलं. "कोड काढून सेन्सरसुद्धा नवा टाकला हो, आणखी काय करायचं माणसानं?" गुरुजी अगदी काकुळतीला आले होते.

स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या पोर्टला स्कॅनर जोडला. कोड पी-०११८, कूलंट टेम्परेचर सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. हा कोड वाचून सेन्सर बदलणारे पुष्कळ आहेत. पण कोड म्हणजे वाडीचं नाव, घर आपण शोधायचं असतं. कोडात "सर्किट" म्हटलंय. त्यात सेन्सर आला, कपलर आला, दोन वायरी आल्या आणि ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरसुद्धा आला.

लाइव्ह डेटा उघडला. इंजिन नुकतं बंद केलेलं, बॉनेटवर हात ठेववत नाही आणि स्क्रीनवर तापमान उणे ४० अंश! या सेन्सरचा रोध गारठ्यात वाढतो आणि उष्णतेने कमी होतो. ईसीएम पाच व्होल्ट पाठवतो आणि त्यातले किती उरले त्यावरून तापमान ओळखतो. वायर तुटली की पाचच्या पाच व्होल्ट उरतात, म्हणून त्याला वाटतं की बाहेर बर्फ पडतोय. मग तो पेट्रोल जास्त सोडतो, आणि तापमानाचा भरवसा नाही म्हणून फॅनही चालू ठेवतो. फॅन आणि ॲव्हरेज, दोन्ही तक्रारींचं मूळ एकच.

सेन्सरचा कपलर काढून त्याच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या. वायरिंग धड असतं तर आकडा उणे ४० वरून थेट वरच्या टोकाला जायला हवा होता. तो हलला नाही. म्हणजे सेन्सर निर्दोष, जुनाही आणि नवाही. हार्नेसवरची टेप सोडत मागे गेलो. एअर फिल्टरच्या डब्याखाली वाळकं गवत, लेंड्या आणि कुरतडलेली वायर. पावसाळ्यात उंदराला ऊबदार जागा हवी असते. वायर सोल्डर करून स्लीव्ह चढवली. आकडा ८८ अंश, फॅन थांबला. बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी ठेवू का, असं गुरुजींनी विचारलं. ठेवा म्हटलं, पण आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून नजर टाकत जा.

१३ जुलै

दुपारी कुंभार्ली घाटातून एका पोराचा फोन. "दादा, तेलाच्या किटलीचा लाल दिवा लागलाय, पाटणपर्यंत जाऊ का?" आधी इंजिन बंद कर म्हटलं, मग बोल. ऑइलचं प्रेशर गेलं की बेअरिंगं जायला फार वेळ लागत नाही. पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेज गाठता येतं. चेक लाईट लुकलुकायला लागला तर मिसफायर मोठा आहे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो, वेग कमी करून थांबायचं. लाल दिव्यापुढे मात्र हिशेब नाही. पोरानं ऐकलं. डिपस्टिकला तेलच लागत नव्हतं, ड्रेन बोल्ट सैल होता. गाडी ओढून आणली.

२२ जुलै

आज २०२१ च्या महापुराची तारीख. वाशिष्ठीचं पाणी ज्या गाड्यांत शिरलं, त्यांचे त्रास अजून येतात. पाणी ओसरतं, पण तांब्याच्या बारीक तारांमधून ते प्लास्टिकच्या आत चढतं आणि तारेला आतून पोखरत राहतं.

आजची गाडी सेकंडहँड घेतलेली. एअरबॅगचा दिवा कायम लागलेला. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, टोकाला गाळाची रेघ. घेणाऱ्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. एअरबॅगच्या सर्किटला टेस्ट लॅम्प लावायचा नाही, त्या करंटने फुगा फुटू शकतो. बॅटरीची निगेटिव्ह काढून थांबलो, मग सीटखालचा पिवळा कपलर उघडला. आत हिरवा थर.

"दिवा तेवढा बंद करून द्या, बाकी राहू दे," गिऱ्हाईक म्हणालं. फुग्याच्या जागी रेझिस्टर लावून दिवा विझवून देणारे भेटतात, मला ठाऊक आहे. मी देत नाही. अपघातात तो फुगा उघडणार नाही आणि पुढे बसलेल्या बाईला ते कधीच कळणार नाही. खर्च नीट समजावला, तेव्हा कुठे तयार झाले. कपलर आणि सीटबेल्टचा प्रीटेन्शनर मागवलाय.

२६ जुलै

मुंबईकरांची गाडी गणपतीआधी तयार हवी. गावी उभी राहिली की बॅटरी उतरते. लॉक करून अर्धा तास थांबलो, आतले कंट्रोलर झोपेपर्यंत मोजण्यात अर्थ नसतो. मग निगेटिव्हमध्ये मीटर घातला : ३५० मिलिअँपिअर. ५० च्या आत हवं. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी या गळतीने पाच दिवसांत रिकामी होणार. एकेक फ्यूज काढत गेलो, म्युझिकचा निघाला तसा आकडा पडला. बाहेरून बसवलेल्या रिव्हर्स कॅमेऱ्याची वायर कायम चालू लाईनला मारली होती. ती चावीवरच्या लाईनला घेतली. आता २२ मिलिअँपिअर. मालकांना फोटो पाठवला आणि बॅटरी बदलू नका असं कळवलं.