पान वाढून झाल्यावर

कुणाला काही सांगून झाले, की लगेच त्याच्या तोंडाकडे पाहायची मला खोड आहे. सांगितलेले पोचले की नाही, पटले की नाही, हे मला तिथल्या तिथे कळायला हवे असते. वर्गात प्रश्न विचारतो आणि मुलांनी तो नीट ऐकून घेण्यापूर्वीच उत्तराची वाट पाहू लागतो. घरी तर विचारूच नका! ही खोड बरी नव्हे, असे आमची ही गेली बावीस वर्षे सांगत आली आहे. पण जे तिला बावीस वर्षांत जमले नाही, ते यंदाच्या भाद्रपदात संगणकाच्या एका पानाने दहा मिनिटांत करून दाखवले.

झाले ते असे. गणपतीच्या दिवसांत माझी आई बोलता बोलता म्हणाली, "तांदूळ रोवळीत उपसून ठेव गं." त्यावर माझ्या लेकीने विचारले, "रोवळी म्हणजे काय?" धुतलेले तांदूळ निथळत ठेवायची ती बांबूची टोपली. मराठीच्या प्राध्यापकाच्या घरात हा प्रश्न निघावा, याची मला शरम वाटली. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. अर्धे आयुष्य कोकणातल्या घरात गेलेले. तिच्यापाशी असे शब्द किती असतील! मी लगोलग वही काढली. लेक म्हणाली, "वही कशाला? आपण एक पान करू. तुम्ही शब्द टाइप केलात, की तो यादीत खाली येऊन बसेल." ती संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

तिने आपण होऊन हे म्हणावे, याचे मला मनातून फार बरे वाटले. कारण जूनपासून आमच्यात बोलणे बेताचेच होते. गणिताच्या एका विषयात ती नापास झाली, तेव्हा मी तिला चाळीस मिनिटे उपदेश केला होता आणि शेवटी सवयीने तिच्या तोंडाकडे पाहिले होते. तोंड कोरे. "तुझ्यावर काही परिणाम झालेला दिसत नाही," मी म्हणालो. ती उठून आत गेली. त्यानंतर आमचा संवाद म्हणजे "जेवायला चला" आणि "दाराची बेल वाजली" एवढाच!

पान तिने एका रात्रीत तयार केले. त्यासाठी व्ह्यू नावाचे फ्रेमवर्क वापरले. फ्रेमवर्क म्हणजे पाने बांधण्याची तयार चौकट. इव्हान यू नावाच्या गृहस्थांनी हे व्ह्यू २०१४ साली लोकांपुढे ठेवले. याची खुबी अशी, की तुम्ही फक्त यादी बदलायची. यादीप्रमाणे पान बदलण्याचे काम ते स्वतः करते. मी उन्हाळ्याच्या सुटीत या विद्येची थोडी तोंडओळख करून घेतली होती. तेव्हा पानात दोन ओळी मी स्वतः घालणार, असा हट्ट धरला. पहिली ओळ : नवा शब्द यादीत घाल. दुसरी : चौकोन तळापर्यंत सरकव, म्हणजे आईला तो शब्द दिसेल.

दुपारी आई चष्मा पुसून खुर्चीत बसली. पहिले दहा शब्द झकास उमटले. चौकोन भरला आणि गंमत सुरू झाली. आई म्हणाली, "वैल." चुलीच्या शेजारचे ते धाकटे चुलाणे. मी टाइप केले. चौकोन जागचा हलला नाही. तळाशी आधीचा 'फडताळ'च! मग आई म्हणाली, "शिंके." चौकोन सरकला आणि 'वैल' दिसू लागला, 'शिंके' मात्र खाली दडलेले! दर वेळी शेवटचा शब्द गायब आणि त्याच्या आधीचा हजर.

"माझा शब्द कुठे रे गेला?" आईने विचारले. "म्हातारपणी माझा शब्द घरात चालत नाही, हे ठाऊक होतं. आता या यंत्रातही चालत नाही का?"

मी यंत्राच्या आळशीपणावर बोलू लागलो, तेव्हा लेक हसत पुढे आली. "बाबा, यंत्र आळशी नाही. शब्द यादीत केव्हाच बसलाय. पानावर अजून उमटायचा आहे. तुम्ही सांगितलंत आणि लगेच पाहिलंत!"

मग तिने समजावून दिले, ते असे. यादीत शब्द घातला, की यादी त्याच क्षणी बदलते. पानाला मात्र फ्रेमवर्क तेव्हा हात लावत नाही. 'पानाचा अमुक भाग आता शिळा झाला' अशी नोंद करून ते काम रांगेत ठेवते. त्याच भागात आणखी दहा बदल झाले, तरी रांगेत नाव एकदाच. हातातला कार्यक्रम संपला, की रांगेतली सारी कामे एकदम उरकली जातात आणि मग ब्राउझर पडद्यावर नवे चित्र काढतो. साध्या पडद्यावर अशी चित्रे सेकंदाला साठ निघतात. म्हणजे हा उशीर डोळ्यांना कळण्याजोगा नसतोच. पण माझी दुसरी ओळ पहिलीला चिकटूनच धावली होती. तिने मापलेला तळ जुन्या पानाचा होता, आणि जुन्या तळाशी जुनाच शब्द असायचा!

"पण थांबायचं कशाला? लगेच उमटवावं की," मी म्हणालो.

उत्तर आईने दिले. "अरे, पंगतीत मीठ वाढलं की कुणी 'बसा' म्हणतं का? मग लिंबू वाढलं की उठवायचं, चटणी वाढली की पुन्हा बसवायचं! पान पुरं वाढून होऊ दे."

लेक आजीकडे पाहतच राहिली. इतके सोपे करून तिला वर्गातही कुणी सांगितले नव्हते. एकेका बदलापायी पानाची मापे पुन्हा काढून मांडणी करणे यंत्राला जड जाते. शंभर शब्दांसाठी शंभरदा कशाला? शिवाय अर्धे वाढलेले पान दिसले, की खोटे दिसते. वर 'एकूण शब्द ४१' आणि खाली यादीत चाळीसच!

फेसबुकमध्ये जन्मलेले आणि २०१३ साली सर्वांना खुले झालेले रिअ‍ॅक्ट हे दुसरे फ्रेमवर्क. तेही अशीच मोट बांधते, पण एके काळी फक्त बटण दाबण्यासारख्या प्रसंगी बांधत असे. सर्व्हरकडून निरोप यायला थोडा वेळ लागला, की पुढचे बदल एकेक करून पानावर जात. २०२२ सालच्या अठराव्या आवृत्तीपासून तेही सारे बदल एकत्र करू लागले. 'आत्ताच्या आत्ता उमटव' अशी आज्ञा त्यात आहे, पण ती क्वचितच वापरा, असे कर्तेच बजावतात. माझ्यासारख्यांचा अनुभव त्यांच्या गाठीशी असावा!

माझ्या दुखण्यावरचा इलाज एका शब्दाचा निघाला : नेक्स्टटिक. म्हणजे, पान वाढून होईपर्यंत थांब आणि मग पाहा. लेकीने तो माझ्या दोन ओळींच्या मध्ये बसवला. आई म्हणाली, "घंगाळ." आणि घंगाळ तळाशी, अगदी डोळ्यांसमोर! आईने टाळीच वाजवली.

रात्री आवराआवर करताना लेक म्हणाली, "आणखी एक मौज आहे, बाबा. पानाच्या भागांमध्ये मोठ्या भागाला पालक म्हणतात, त्याच्या पोटातल्या भागाला मूल. रांगेतली कामं व्ह्यू क्रम लावून करतं. आधी पालक बदलतात, मग मुलं."

ती हे सहज म्हणाली की योजून, कुणास ठाऊक. मी तिच्या तोंडाकडे पाहणार होतो, पाहिले नाही. हातातला पेला पुसत राहिलो.

तीन दिवसांनी, मी काही विचारले नसताना, ती म्हणाली, "गणिताच्या फेरपरीक्षेचा फॉर्म मी जूनमध्येच भरलाय. तुम्ही बोललात ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. रोज पहाटे अभ्यासाला बसते."

म्हणजे यादी तेव्हाच बदलली होती! मी जुन्या पानाचा तळ मापून अडीच महिने फुगून बसलो होतो. 'मग सांगितलं का नाहीस?' हा प्रश्न अगदी जिभेच्या टोकावर आला. तो मी गिळला आणि म्हणालो, "उद्यापासून पहाटेचा चहा मी करीन."

यादीत आता दोनशे बारा शब्द आहेत. परीक्षा दिवाळीनंतर आहे. पहाटे चहाचा कप मी तिच्या टेबलावर ठेवतो आणि मागे न पाहता स्वयंपाकघरात परततो. मान वळू पाहते, हे खोटे कशाला सांगू?