आईच्या कपाळावरील व्रण

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या वह्यांवर तांबडी शाई फिरवितांना मी किती निर्दय होतों, हें तुम्हांस ठाऊकच आहे. चूक दिसली कीं हात शिवशिवतो. हीच खोड बरोबर घेऊन गतवर्षीं, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं, मी एका नव्या विद्येचा उमेदवार झालों. छायाचित्रांतील लहानसहान दोष काढून चेहरा नीटस करावयाचा, ती ही विद्या.

विद्या तशी जुनीच. पूर्वीं कांचेच्या निगेटिव्हवर अणकुचीदार शिसपेन्सिलीनें बारीक ठिपके देत. निगेटिव्हवर जेथें काळें पडे, तेथें छापलेल्या प्रतीवर उजळे. त्यायोगें सुरकुत्यांच्या छाया हलक्या होत. धुळीमुळें प्रतीवर राहिलेले पांढरे ठिपके मात्र कुंचल्यानें रंग लावून बुजवावे लागत. १९९० सालीं फोटोशॉप निघालें, आणि पुढें हें काम संगणकावर गेलें. २००२ सालीं त्यांत 'हीलिंग ब्रश' म्हणजे जखम बरी करणारा कुंचला आला. तो शेजारच्या निर्दोष त्वचेचा पोत उचलून डागावर बसवितो, पण रंग व प्रकाश त्या जागेचाच राखतो. म्हणून ठिगळ दिसत नाहीं.

आरंभीं मीं पुष्कळ गोंधळ केला. भाच्याच्या तोंडावरील मुरुम काढतां काढतां त्याचा गाल मेणाचा करून टाकला. चित्र इतकें मोठें करून पाहत असें कीं, त्वचेचें प्रत्येक रंध्र मला दोष वाटे. अखेर फोटो स्टुडिओ चालविणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याकडे गेलों. (शाळेंत त्याला मीं भूमितींत दोनदां नापास केलें होतें, त्यानें त्याची आठवण काढिली नाहीं.) तो म्हणाला, "सर, मूळ चित्राला हात लावूं नका; वर कोरा थर घेऊन त्यावर काम करा. मधून मधून चित्र लहान करून पाहा. आणि पंधरा दिवसांत जें आपोआप जाईल तेंच काढा. जन्मभर राहणारें असेल तें घरच्यांस विचारल्याशिवाय काढूं नका."

पहिल्या दोन गोष्टी मीं पाळल्या.

नाताळच्या सुटींत कैलासवासी आईचा एकुलता एक जुना फोटो स्कॅन करून घेतला. त्यावर बुरशीचे डाग होते आणि कागदाची दुमड कपाळावरून थेट पदरापर्यंत गेली होती. तीन रात्री खपून सर्व साफ केलें, मोठी प्रत काढिली, आणि ऐंशी वर्षांच्या मावशीस नेऊन दाखविली. तिनें ती खिडकीपाशीं धरून बराच वेळ पाहिली. "ताई छान दिसते रे," ती म्हणाली, "पण तुझ्या भोवऱ्याची खूण कोठें घालविलीस?"

मी गारच झालों. सात वर्षांचा असतांना अंगणांत माझा भोवरा जाळींतून भलताच सुटला आणि त्याची आर आईच्या भिवईच्या वर लागली. रक्त फार गेलें. वडिलांस आणि डॉक्टरांस तिनें सांगितलें कीं, दाराची चौकट लागली. पुढें या गोष्टीचा तिनें कधीं उच्चार केला नाहीं, मींही केला नाहीं. तें आम्हां दोघांतच राहिलें, अशी माझी चाळीस वर्षें समजूत होती. आणि दुमडीची रेघ पुसण्याच्या भरांत तो व्रण कधीं पुसला गेला, हें मला कळलेंही नव्हतें. निदान मीं तरी स्वतःस तसें सांगितलें.

घरीं येऊन वरचा थर मिटविला. खालीं व्रण जसाच्या तसा होता. परंतु त्याबरोबर दुमडही परत आली, आणि दोन्ही रेघा एकमेकींत अशा मिसळल्या होत्या कीं, वेगळ्या करणें मला साधेना. दुसऱ्या दिवशीं संगणक उचलून मावशीकडे गेलों व तिला शेजारीं बसविलें. तिनें चष्मा पुसला, आणि पडद्यावर बोट ठेवून एकेक रेघ दाखवूं लागली: "ही कागदाची, काढ. ही तिची, राहूं दे."